ऐंशीच्या दशकातल्या गेमच्या कव्हरवरचं 'कॉम्प्युटरी' अक्षर: आधी तो पिक्सेल फॉन्ट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे की १९८० च्या दशकातल्या स्पेक्ट्रम, कमोडोर वगैरे होम कॉम्प्युटरच्या गेमची जाहिरात असायची तसं पोस्टर करायचंय, पिक्सेलवाला फॉन्ट टाकून बघितला पण 'तसं' काही वाटत नाहीये, मग खऱ्या कव्हरवर कुठला फॉन्ट असायचा त्याचं नाव सांगा, आणि मराठीत जमेल का.

नावं सांगतो, भरपूर सांगतो. पण आधी तो पिक्सेल फॉन्ट काढून टाका, गडबड तिथेच आहे. त्या काळात कव्हरवर पिक्सेलचं अक्षर फार क्वचित दिसायचं, कारण पिक्सेल ही तेव्हा हौस नव्हती, अडचण होती, आणि आपली अडचण कोण दुकानाच्या पाटीवर लावेल?

माझी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी कमर्शिअल आर्टवाला, ऐंशीच्या दशकात शिकलो आणि पुढची बरीच वर्षं दादरच्या एका छोट्या स्टुडिओत लेट्रासेट (घासून कागदावर उतरवायची छापील अक्षरं) घासण्यात आणि ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर काढलेल्या अक्षरांच्या प्रती) चिकटवण्यात गेली. गेमच्या कव्हरशी संबंध आला तो मावसभावामुळे, तो इंग्लंडात वाढला, त्याच्याकडे स्पेक्ट्रम होता, आणि घर बदलताना त्याने बुटाच्या खोक्यात भरलेल्या साठेक कॅसेट मला दिल्या, 'तुला अक्षरांचं वेड आहे ना, घे' म्हणाला. कॅसेट आता चालतही नसतील, मी कधी लावून बघितल्या नाहीत. इनले कार्डं, म्हणजे कॅसेटच्या डबीत घातलेली छापील कव्हरं, मात्र भिंगाखाली धरून तासन्‌तास बघितलीत. आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये लायसन घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता आणि त्याआधी १९८४ च्या 'क्लास' या शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी प्रोजेक्टमधून काही शाळांत बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते, त्यामुळे माझ्या वयाच्या काही जणांनी ही मशीन बघितली असतील. पण कव्हरची आणि जाहिरातींची खरी दुनिया ब्रिटन-अमेरिकेतली, म्हणून मी तिथलंच सांगतोय.

तर पिक्सेल का नाही. स्पेक्ट्रमच्या स्क्रीनवर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, बस. एक अक्षर ८ बाय ८ च्या चौकोनात बसवायचं, आणि त्या चौकोनात एकावेळी दोनच रंग, त्यामुळे हिरवा राक्षस पिवळ्या भिंतीजवळ गेला की भिंतीचा तुकडा हिरवा व्हायचा. आता दुकानाच्या रॅकवर हे कसं विकणार? म्हणून कव्हरवर एअरब्रशने (हवेच्या झोताने रंग फवारून) काढलेलं अंतराळयान, स्फोट, घाम गाळणारा योद्धा, आणि वर चकचकीत क्रोमचं, म्हणजे आरशासारख्या धातूचं वाटणारं, टायटल. आत लोड केल्यावर चार ठिपक्यांचा माणूस उड्या मारताना दिसायचा. कव्हरचं काम स्क्रीन दाखवणं नव्हतंच, स्क्रीनवर जे दिसणार नाही ते पोराच्या डोक्यात आधीच भरून ठेवणं हे काम होतं, आणि त्यातला अर्धा भार अक्षरांवर होता. आज पिक्सेल फॉन्ट बघून आपल्याला 'रेट्रो' वाटतं ते आपण मागे वळून बघतोय म्हणून, तेव्हाचा माणूस पुढे बघत होता, त्याला २००१ साल दाखवायचं होतं.

आता हे 'भविष्यातलं' अक्षर आलं कुठून, हा माझा आवडता भाग. घरात चेकबुक असेल तर काढा. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर आकड्यांची ओळ असते, आधी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड, पुण्याची शाखा असेल तर ४११ ने सुरू होणारा, मुंबईची असेल तर ४०० ने. त्या आकड्यांकडे नीट बघा. रेषा बारीक चाललीय आणि मध्येच कुठेतरी अचानक जाड ठोकळा, १ चा पाय बघा, ८ चं पोट बघा. कुणा डिझायनरला सुंदर वाटलं म्हणून ते तसं नाहीये. ही शाई चुंबकीय असते, आकडा मशीनखालून सरकतो तेव्हा शाई कुठे जास्त कुठे कमी यावरून सिग्नलची लाट तयार होते, आणि प्रत्येक आकड्याची लाट वेगळी यावी म्हणून ती जाडी ठिकठिकाणी वाटून दिलीय. याचं नाव ई-१३बी, १९५० च्या दशकात अमेरिकेत बँकांच्या चेकची छाननी मशीनवर करता यावी म्हणून तयार झालेलं. गंमत अशी की त्यात एकूण १४ चिन्हं आहेत, १० आकडे आणि ४ खुणा. ए बी सी डी नाहीच!

म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर 'कॉम्प्युटरचं अक्षर' म्हणून फक्त आकडे होते, अक्षरं कुणी बघितलीच नव्हती. मग ती कल्पनेने काढली गेली. लंडनमध्ये लिओ मॅग्ज यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर हीच कल्पना धरून पूर्ण वर्णमाला काढली, तिचं नाव वेस्टमिन्स्टर, त्याच नावाच्या बँकेवरून पडलेलं. १९७० मध्ये लेट्रासेटसाठी बॉब न्यूमन यांनी डेटा ७० काढला, तो आणखी गुबगुबीत, कोपरे गोल, ठोकळे आणखी ठसठशीत. आणि त्याही आधी १९६५ मध्ये लेट्रासेटच्याच कॉलिन ब्रिग्नल यांचा काउंटडाउन आला होता, त्यात अक्षराला मध्येच चिरा, सर्किट बोर्डावरच्या पट्ट्यांसारखा. ब्रिग्नल तिथे फोटोग्राफीचे टेक्निशियन म्हणून १९६४ मध्ये लागले होते आणि काउंटडाउन हा त्यांचा पहिला टाइपफेस, पुढे माणूस तिथला टाइप डायरेक्टर झाला.

तारखा बघितल्यात? १९६५, १९७०. स्पेक्ट्रम आला १९८२ मध्ये. म्हणजे ऐंशीच्या दशकातली 'लेटेस्ट' दिसणारी अक्षरं पंधरा-पंधरा वर्षं जुनी होती आणि ती मुळात चेकवरून आलेली. यातलं एकही अक्षर कॉम्प्युटरवर काढलेलं नाही, सगळी हाताने काढून, कापून, फोटो घेऊन बनलेली. कॉम्प्युटरच्या गेमवर कॉम्प्युटरसारखं दिसणारं अक्षर माणूस नखाने घासून लावत होता, हे मला अजून भारी वाटतं.

दुसरं घराणं इटलीचं. तुरीनच्या नेबिओलो या टाइप ओतणाऱ्या कारखान्याचे (फाउंड्रीचे) आल्दो नोव्हारेझे, त्यांनी अलेस्सांद्रो बुत्तींबरोबर १९५२ मध्ये मायक्रोग्रामा काढला, फक्त कॅपिटल होती त्यात, आणि १९६२ मध्ये स्मॉल लेटर्ससकट युरोस्टाइल. त्याचा ओ बघा, तो गोल नाही, चौकोनही नाही, जुन्या टीव्हीच्या काचेचा आकार आहे तो. आडवा पसरलेला बोल्ड एक्स्टेंडेड घेतला की काहीही लिहा, अंतराळयानाच्या डॅशबोर्डवरचं वाटतं, मी एकदा गंमत म्हणून 'साबुदाणा खिचडी' इंग्रजीत लिहून बघितलं होतं, तेही नासाने पाठवल्यासारखं दिसलं. याच नोव्हारेझेंचा १९७१ चा स्टॉप, त्यात अक्षराचे अर्धे भाग गायबच, डोळा स्वतः जोडून घेतो. मोठ्या साइझला जबरदस्त, दोन ओळी लिहायला गेलात तर कुणाला काही वाचता येणार नाही.

आणि अ‍ॅपलची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे नाव पक्कं माहीत आहे. १९७७ च्या सुमाराचं इंद्रधनुषी सफरचंद आठवा, त्याच्या बाजूला अ‍ॅपल असं जे लिहिलेलं असायचं तो मोटर टेक्टुरा, ऑस्ट्रियाच्या ओथमार मोटर यांचा १९७५ चा टाइपफेस. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला तेव्हा अ‍ॅपलने तो सोडला आणि बारीक केलेला गॅरमंड धरला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकी अक्षराचा वंशज. ज्यांना आपण कॉम्प्युटरवाले आहोत हे ओरडून सांगायची गरज उरली नाही त्यांनी कॉम्प्युटरी अक्षर सर्वात आधी टाकलं, असं माझं मत.

गेमच्या प्रकाराप्रमाणे अक्षर ठरायचं ते पटकन सांगतो. अंतराळ असेल तर वरची मंडळी. युद्ध, रणगाडे असेल तर लष्करी खोक्यांवरचं असतं तसं स्टेन्सिल किंवा कोपरे छाटलेला आयटीसी मशीन. खेळ असेल तर कॉलेजच्या जर्सीवरचं, ब्रिग्नल यांचाच सुपरस्टार. लहान मुलांचं, गमतीचं असेल तर फुगीर अक्षरं, फ्रँकफर्टर, पंप वगैरे, फ्रँकफर्टर म्हणजे सॉसेज आणि दिसतोही अगदी तसाच. तळघर, जादूगार, ड्रॅगन असेल तर ओल्ड इंग्लिश नाहीतर अन्शियल, दोन्ही जुन्या हस्तलिखितांतली वळणं.

कराटेचा गेम आला की ब्रशने फटकारल्यासारखी, चिनी-जपानी असल्याचं सोंग करणारी इंग्रजी अक्षरं, ज्यांचा चीन-जपानशी काडीचा संबंध नाही, त्या जातीचा पहिला टाइप १८८३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये ओतला गेला. आपल्याला हसू येतं पण परदेशातल्या 'इंडियन रेस्टॉरंट'च्या पाट्या आठवा, इंग्रजी अक्षरांना वरून शिरोरेषा अडकवलेली, मी त्याला समोसा फॉन्ट म्हणतो. तसलाच प्रकार टेट्रिसच्या बाबतीत झाला, अमेरिकेत १९८८ च्या खोक्यावर लाल रंग आणि नावात उलटा आर, रशियन वाटावं म्हणून. रशियन वाचणाऱ्याला ते अक्षर 'या' वाचता येतं, म्हणजे नाव झालं 'टेट्याइस' की काय ते. पण खोका ओळखू आला ना लांबून, काम झालं.

आता ही अक्षरं तेव्हा कव्हरवर लावली कशी जायची ते सांगतो, कारण तुमच्या पोस्टरला 'तसं' का वाटत नाही त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

लेट्रासेट म्हणजे प्लास्टिकची अर्धपारदर्शक शीट, मागच्या बाजूला अक्षरं छापलेली, त्यावर हलका चिकटपणा. खाली निळसर रंगाचा मेणकट कागद असायचा, तो काढायचा, आर्टबोर्डवर निळ्या पेन्सिलीने बेसलाइन मारायची (निळी कारण कॅमेऱ्यात ती येत नाही), अक्षर जागेवर धरायचं आणि वरून बॉलपेनच्या मागच्या टोकाने किंवा हाडाच्या काडीने घासायचं, काळं अक्षर राखाडी दिसायला लागलं की समजायचं सुटलं, मग शीट हळूच उचलायची. हळूच, कारण एखादा बारीक सेरिफ (अक्षराच्या टोकाची छोटी रेघ) शीटलाच चिकटून राहिला की अक्षर फाटलं. अक्षराखाली छोट्या रेघा छापलेल्या असायच्या, स्पेसमॅटिक, त्या एकमेकींना जोडत गेलं की अंतर बरोबर येतं म्हणे. मुरलेला माणूस त्या रेघांकडे ढुंकूनही बघायचा नाही, डोळ्याने अंतर धरायचा आणि अक्षरं घट्ट लावायचा, कधी एकमेकांना टेकवायचा, कधी एकावर एक चढवायचा. सत्तर-ऐंशीच्या टायटलमध्ये ही जी घट्ट बांधणी दिसते ना, ती सगळी डोळ्याची आहे. फॉन्ट टाइप करून डीफॉल्ट स्पेसिंगवर सोडलात की तिथेच जादू गेली.

शीट महाग असायची. आमच्या स्टुडिओत तर कपाटाला कुलूप असायचं आणि शीट हवी तर मालकांकडे मागायला जावं लागे, ते विचारायचे 'किती अक्षरं?' आणि मोजून आठ अक्षरांसाठी अख्खी शीट द्यायला जिवावर यायचं त्यांच्या. शीटवर ई जास्त असायचे तरी तेच पहिले संपायचे. मग एफ घ्यायचा, एल घासून त्याची आडवी दांडी ब्लेडने उचलायची आणि एफच्या तळाला बसवायची, झाला ई. एम उलटा केला की डब्ल्यू होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं, बहुतेक फेसमध्ये ते पकडलं जातं. माझ्या खोक्यातल्या एका सुरुवातीच्या, एकरंगी छापलेल्या इनलेवर एकाच शब्दात दोन ई आहेत आणि त्यातल्या एकाची खालची दांडी केसभर लांब आहे. भिंगातून बघितलं तेव्हा मला हसू आलं, म्हटलं अरे हा तर आपल्यातलाच कुणीतरी, संपला वाटतं ई रात्री अकरा वाजता.

१९८१-८२ च्या सुमाराला हे गेम पोरं घरच्या खोलीत बसून लिहायची आणि मासिकात छोटी जाहिरात देऊन टपालाने विकायची, तेव्हा कव्हर म्हणजे झेरॉक्सचा कागद नाहीतर एकरंगी छपाई. अमेरिकेत अ‍ॅपल टूचे गेम तर झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून विकले जायचे, आत फ्लॉपी आणि एक छापील कागद, सिएरा या गेम कंपनीचा १९८० चा पहिला गेमही असाच गेला. लेट्रासेट स्टेशनरीच्या दुकानात मिळायचं, त्यामुळे डिझायनर नसलेल्या माणसालाही 'छापील' दिसणारं टायटल करता आलं. म्हणून तीच तीच अक्षरं सगळीकडे दिसतात, स्टाइल म्हणून कुणी ठरवलं नव्हतं, कॅटलॉगमध्ये 'कॉम्प्युटरसारखं' असं जे होतं ते सगळ्यांनी घेतलं. आपल्याकडे डीटीपी आल्यावर लग्नपत्रिकांचं जे झालं तेच.

नंतर दोन-तीन वर्षांत पैसा आला, चार रंग आले, मोठ्या दुकानांत रॅक आले, आणि मग टायटल ही स्वतंत्र कामगिरी झाली. लेट्रासेटचं किंवा फोटोटाइपसेटिंगचं (मशीनने फोटोच्या कागदावर उमटवलेलं) अक्षर हा फक्त सांगाडा. ते कॅमेऱ्याखाली तिरकं धरून किंवा लेन्स बदलून ताणायचं, आडवं रुंद करायचं, लांब जाताना निमुळतं करायचं, मग ब्रोमाइड काढून त्यावरून ट्रेस करून बाजूंना जाडी द्यायची, आणि मग एअरब्रश. क्रोमचं अक्षर कसं होतं माहितीय? अक्षरात आकाश आणि जमीन काढायची. वरचा अर्धा भाग निळा, वरून गडद आणि खाली येत पांढरा होत जाणारा, मध्ये क्षितिजाची कडक काळपट रेघ, तिच्याखाली तपकिरी ते पिवळसर. म्हणजे वाळवंटात उभ्या असलेल्या स्टीलच्या भांड्यात जे प्रतिबिंब दिसेल ते. प्रत्येक भागासाठी चिकट फिल्म लावून कटरने कापायची, एक भाग उघडा ठेवून बाकी झाकायचं, फवारायचं, वाळू द्यायचं, पुढचा भाग. आणि शेवटी कोपऱ्यावर चार किंवा सहा टोकांचा पांढरा चमकारा, तो एकच मारायचा, फार तर दोन. सगळ्या अक्षरांवर चमकारे मारणारा नवशिका लगेच ओळखू येतो, आजही.

आडव्या पट्ट्यांच्या अक्षरांचं खूळही होतं. आयबीएमचा पॉल रँड यांनी केलेला आठ पट्ट्यांचा लोगो १९७२ चा, तिथून 'पट्ट्या म्हणजे कॉम्प्युटर' हे समीकरण पक्कं झालं, आणि टीव्हीच्या स्क्रीनवरच्या रेघा तर घरोघरी दिसतच होत्या.

छपाईचीही एक भानगड होती जी कुणी लक्षात घेत नाही. कॅसेटच्या इनलेचा पुढचा भाग साधारण दहा सेंटिमीटर बाय साडेसहा, पाठीची पट्टी जेमतेम बारा-तेरा मिलिमीटर. काळ्या आकाशावर पांढरं बारीक अक्षर सोडलं आणि चार रंगांतला एक जरी किंचित सरकला तरी ते अक्षर रंगीत होऊन बुजतं. त्यामुळे जाड अक्षर, मोठ्या खिडक्या (अक्षराच्या आतली मोकळी जागा), बाजूने जाड रेघ, हे सगळं हौसेइतकंच धास्तीनेही आलंय. पाठीवरचं नाव तर सगळ्यात महत्त्वाचं, रॅकमध्ये कॅसेट उभ्या असल्या की तेवढंच दिसणार. १.९९ पौंडांत गेम विकणाऱ्या मास्टरट्रॉनिकसारख्या बजेटवाल्यांनी तर कव्हरचा साचाच ठरवून टाकला, प्रत्येक गेमला नव्याने डोकं लावायची भानगडच नको, आणि लांबून कंपनी ओळखू येते.

आता ज्याला फॉन्ट शोधून कधीच सापडणार नाही तो प्रकार, हाताने काढलेलं लेटरिंग. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस या गेम कंपनीचा घुबडाचा लोगो आणि नाव रॉजर डीन यांनी काढलेलं, म्युझिक अल्बमच्या कव्हरवरून त्यांचं नाव आधीच गाजलेलं होतं. ती वळणं, ती एकमेकांत वितळलेली अक्षरं, त्याचा फॉन्ट नव्हताच. नंतर लोकांनी त्यावरून फॉन्ट बनवले पण ते म्हणजे आजीच्या हातच्या भाजणीचं पाकीट. याच सिग्नोसिसच्या आधीची गोष्ट, लिव्हरपूलचीच इमॅजिन सॉफ्टवेअर, त्यांनी १९८४ मध्ये सायक्लॅप्स आणि बॅंडरस्नॅच या दोन 'मेगागेम'च्या जाहिराती मासिकांत झोकात दिल्या, गेम मात्र पूर्ण नव्हते, दाखवायला स्क्रीनच नाही, तर प्रोग्रॅमर मंडळींचे फोटो आणि मोठमोठे शब्द. जुलै १९८४ मध्ये कंपनी बुडाली, ते गेम त्या नावाने कधी आलेच नाहीत. जाहिरातीतल्या अक्षरांमध्ये किती ताकद असते ते बघा, मालच नाही तरी चाळीस वर्षांनी आपण त्यावर बोलतोय.

याच्या अगदी उलट इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. १९८३ मध्ये त्यांनी गेम ग्रामोफोन रेकॉर्डच्या अल्बमसारख्या चपट्या, उघडणाऱ्या कव्हरमध्ये काढले, आणि जाहिरातीत प्रोग्रॅमरांचा रॉक बँडसारखा काळा-पांढरा फोटो, वर एकच प्रश्न, कॉम्प्युटर तुम्हाला रडवू शकतो का. चकचकाट नाही, क्रोम नाही, शांत अक्षर. सगळे ओरडत असताना हळू बोलणाऱ्याकडे लक्ष जातं.

बरं, तुमच्या पोस्टरवर येतो.

फुकटातलं हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवर मिक्रोमा आहे, तो मायक्रोग्रामाच्या वळणाचा, पट्ट्यांचं हवं तर मोनोटॉन. ऑर्बिट्रॉन सगळे वापरतात म्हणून मी टाळतो, तुम्ही वापरलात तर भांडणार नाही. पैसे घालायची तयारी असेल तर काउंटडाउन, डेटा ७०, स्टॉप, युरोस्टाइल हे सगळे डिजिटलमध्ये विकत मिळतात. पण कुठलाही घेतलात तरी टाइप करून सोडू नका, आउटलाइन करा (अक्षराचं चित्र करा, म्हणजे आकार बदलता येतो), अक्षरं हाताने जवळ ओढा, पहिलं आणि शेवटचं अक्षर लांबवा, एखादी दांडी पुढच्या अक्षराखालून न्या. एका पोस्टरला एकच सोंगाडं अक्षर, बाकीचा मजकूर साधा हेल्व्हेटिकाच्या जातीतला, तेव्हाच्या जाहिरातींतही खालचा बारीक मजकूर, किंमत आणि ऑर्डरचं कूपन सगळं साधंच असायचं. आणि क्रोम करायचं तर फोटोशॉपचं तयार बटण दाबू नका, वर सांगितलं तसं आकाश-क्षितिज-जमीन स्वतः ग्रेडियंटने करा, वीस मिनिटांचं काम आहे.

मराठीत? का नाही! तेको आणि राजधानी हे दोन इंडियन टाइप फाउंड्रीचे, गूगलवर फुकट, दोन्ही चौकटीकडे झुकणारे आणि देवनागरीसकट, युरोस्टाइलची हौस त्यात बरीचशी भागते. फुगीर, गमतीचं हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपचा मोदक, नावासारखाच, आतल्या फटी जेमतेम उरलेल्या. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्या इंग्रजवाल्यांकडे नव्हती, शिरोरेषा. ती उजवीकडे लांबवून निमुळती करा, रॉकेटच्या मागे धूर सुटतो तशी डावीकडे पट्ट्यांमध्ये फोडा, क्रोमची क्षितिजरेषा मात्र शिरोरेषेवर आणू नका, ती अक्षराच्या पोटातूनच जाऊ दे नाहीतर दोन्ही एकमेकींना खातात.

घोळ होतो तो मात्रा आणि उकारांत. 'रॉकेट' लिहिलंत की वर चंद्र आणि मात्रा बाहेर डोकावणार, आणि अक्षराला खालच्या बाजूने जाडी दिलीत की त्या मात्रेची जाडी शिरोरेषेवर येऊन बसणार, गिचका. अशा वेळी जाडी वरच्या बाजूला न्या, म्हणजे अक्षर खालून वर बघितल्यासारखं, किंवा मात्रा मुळात सुट्या काढून तिरक्या चाकूसारख्या करा आणि जाडी द्यायच्या आधी शिरोरेषेपासून थोड्या उचलून घ्या. दुसरी आणि वेळ वाचवणारी युक्ती, नावच असं निवडा ज्यात वर-खाली काही लटकत नाही. मागे एका गिऱ्हाईकाने गेम झोनच्या पाटीसाठी नाव आणलं होतं, त्यात दोन वेलांट्या, एक रफार आणि एक ऊकार, आणि म्हणे क्रोममध्ये पाहिजे आणि पिक्सेलमध्येपण पाहिजे. दोन्ही करून दाखवलं, त्याने पिक्सेल घेतलं, पाटी चौकातून वाचता येत नाही, पण तो खूश आहे.

तुमच्या पोस्टरचं नाव काय आहे ते सांगा आणि जमलं तर जो मूळ इनले डोळ्यांसमोर आहे त्याचा सरळ काढलेला फोटो टाका, आर, एस आणि जी ही तीन अक्षरं नीट दिसली तर बहुतेक वेळा मूळ टाइपफेस कुठला ते सांगता येतं. आणि कुणाच्या माळ्यावर लेट्रासेटच्या जुन्या शीट पडल्या असतील तर रद्दीत देऊ नका, मला कळवा. ई संपलेल्यापण चालतील.